शब्दाच्या मागे काय आहे ते पाहा

(शेवगाव तालुक्यातील एका खेड्यात, भाद्रपद महिन्यात, पालकसभेपुढे तेथील शाळेच्या शिक्षकाने केलेले भाषण.)



 मास्तरने बोलावले म्हणजे वर्गणी नाही तर पोराची तक्रार, असे समजून पुष्कळजण अशा सभेला येतच नाहीत. आज तसले काही नाही. दसरा महिन्या-सव्वा महिन्यावर आला आहे. मुकादम वस्त्यावस्त्यांवर फिरू लागले आहेत. कोणी उचल घेतली आहे, कोणी घेण्याच्या विचारात आहे. अशा वेळी तुमच्यापुढे चार गोष्टी ठेवाव्यात म्हणून आम्ही उभे आहो. त्या गोष्टी पैशाच्या नाहीत, शब्दांच्या आहेत. शब्द माणसाला कसा हसवतो, भडकवतो, भिववतो आणि त्याच्या हातून त्याचे नुकसान कसे करवून घेतो, हा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, शब्दाने काय अंगाला भोके पडतात? मग नेवासे तालुक्यातील सौंदाळा गावाची हकीकत ऐका. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे या गावाची वस्ती सुमारे १,८०० आहे. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी तेथील ग्रामसभेने ठराव केला की, भांडणात आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड. नवरा मेल्यावर बायकोच्या बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या चालीही त्या गावाने ठरावाने बंद केल्या. हा ठराव ऐकून पुष्कळ लोक हसले. शिवीला दंड! पण हसण्याआधी आपल्या शिवारातले भांडण डोळ्यांपुढे आणा. दोन भावांचा बांध असतो. वाद वीतभर जमिनीचा. सरकारी मोजणी आणली तर एका दिवसात निकाल लागेल. पण मोजणीच्या आधी तोंडातून शिवी निघते. सख्खे भाऊ एकमेकांच्या आईचा उद्धार करतात, आणि आई तर दोघांची एकच! ती बिचारी ओट्यावर बसून ऐकत असते. त्या क्षणापासून भांडण जमिनीचे राहत नाही, अब्रूचे होते. आणि अब्रूच्या भांडणाला मोजणी नसते. वीतभर जमिनीपायी दोन्ही भाऊ वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात आणि वकिलाचे घर बांधून देतात. जमिनीने हा निकाल दिला नाही, शब्दाने दिला. सौंदाळ्याच्या लोकांनी हे ओळखले म्हणून त्यांचे कौतुक.

आता जुनी गोष्ट सांगतो. ही गोष्ट आपल्या जिल्ह्याची आहे, पण आपल्या पोरांना ती नीट माहीत नसते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्याच्या सुपे गावी, भर बाजारच्या दिवशी, शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. हे सुपे भीमथडीचे, आपल्या पारनेर तालुक्यातले नव्हे. तेथून हे लोण आपल्या जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरले. यालाच दख्खनचे दंगे म्हणतात. त्या लोकांनी मागितले काय? धान्य नव्हे, दागिना नव्हे. त्यांनी मागितली खते, म्हणजे कर्जाचे कागद. जेथे सावकाराने खते मुकाट्याने काढून दिली तेथे बहुतकरून कोणाच्या अंगाला हात लागला नाही. कागद मिळाले, चौकात होळी झाली, लोक घरी गेले.

कागदावर इतका राग का? कारण कागदावरच्या शब्दाने त्यांना बांधले होते. खतात लिहिलेले असे, की अमुक रुपये रोख भरून पावलो. हाती मात्र त्यातले किती पडत? आधीचे व्याज कापून, मनोती कापून, कागदाचा खर्च कापून जे उरे ते. न मिळालेला रुपयाही 'पावलो' या एका शब्दाने मिळाला असे ठरे. शेतकऱ्याला वाचता येत नसे. तो अंगठा देई, आणि पुढे न्यायाधीशापुढे तोच शब्द त्याच्या विरुद्ध साक्ष देई. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. त्या कायद्याने कोर्टाला खताच्या शब्दामागे जाऊन खरा व्यवहार काय झाला हे तपासण्याचा अधिकार मिळाला, गावोगाव खत नोंदणारे अधिकारी नेमण्याची तजवीज झाली, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद झाले. शब्दामागे जाऊन पाहा, एवढेच त्या कायद्याचे सार. आजच्या आमच्या बोलण्याचेही सार तेच आहे.

पण त्या दंग्यात शब्दाने शेतकऱ्यांनाही नाचवले, हे लपवून चालणार नाही. विलायतेच्या राणीचा हुकूम आला आहे, सावकारांनी खते परत द्यावीत, अशी आवई त्या वेळी उठली होती. असा हुकूम कोणी काढला नव्हता. पण 'हुकूम' हा शब्द कानी पडताच पुष्कळांना धीर आला, आणि पुढे पकडले गेले ते गरीबच. राग खरा होता, अन्यायही खरा होता. हुकूम मात्र खोटा होता. दुःख खरे असले म्हणजे त्यावर सांगितलेला प्रत्येक शब्द खरा ठरत नाही.

यावर कोणी म्हणेल, ते लोक निरक्षर होते, आता तसे नाही. मंडळी, शिकलेला मनुष्यही शब्दापुढे तितकाच भोळा आहे. १९८१ साली ट्वर्स्की आणि काहनेमान या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले, रोगाच्या साथीत ६०० माणसे सापडली आहेत. एका उपायाने २०० नक्की वाचतील. दुसऱ्या उपायात नशिबाचा खेळ आहे. तीन हिश्शांपैकी एक हिस्सा संभव असा की सगळे वाचतील, आणि दोन हिस्से असा की कोणीच वाचणार नाही. कोणता उपाय घ्याल? शंभरातील ७२ जणांनी पहिला घेतला. मग दुसऱ्या विद्यार्थ्यांना तोच प्रश्न शब्द बदलून घातला. २०० वाचतील असे न म्हणता ४०० मरतील असे म्हटले. आता पहिला उपाय शंभरातील २२ जणांनीच घेतला! आकडे तेच, उपाय तोच. 'वाचतील' म्हटल्यावर मन एकीकडे गेले आणि 'मरतील' म्हटल्यावर दुसरीकडे. ही कॉलेजात शिकणारी पोरे होती. तेव्हा फसणे हा अडाणीपणाचा दोष नव्हे. तो मनुष्याच्या मनाचाच स्वभाव आहे.

'अडाणी' हा शब्दच पाहा ना. आमच्या गावचा सुतार नुसत्या डोळ्याने लाकूड पाहून सांगतो की यात किती फळ्या निघतील. कुंभाराला भट्टीचा रंग पाहून आच कळते. आयाबायांना चार महिन्यांचा घरखर्च तोंडपाठ असतो. हे सगळे लोक साहेबापुढे गेले की म्हणतात, आम्ही अडाणी माणसे, आम्हांला काय कळतंय, तुम्हीच काय ते बघा. एकदा तोंडाने असे म्हटले की विचारावयाचा हक्क संपला; पुढे फक्त सही. दुसऱ्याने दिलेले हीन नाव आपण स्वतःच घेऊ लागलो म्हणजे गुलामी पुरी होते. जोतीरावांनी १८६९ साली शिवाजीमहाराजांवर पवाडा लिहिला तेव्हा महाराजांना कुळवाडीभूषण म्हटले, ते उगीच नव्हे. कुळवाडी म्हणजे राबणारा, म्हणून हलका, असे समजले जात असता त्याच शब्दाला त्यांनी राजाच्या शेजारी नेऊन बसवले.

आता दुसऱ्यांचे दोष पुरे. आमचाही एक गुन्हा तुमच्यापुढे कबूल करतो. शाळेत मंद मुलाला 'ढ' म्हणण्याची जुनी चाल आहे. अशोकाच्या काळापासून इतर अक्षरांची वळणे बदलली, ढ मात्र पुष्कळसा तसाच राहिला. म्हणून जो पुढे सरकत नाही तो ढ, असे सांगतात. काही वर्षांपूर्वी तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याला हातचा घेण्याची वजाबाकी येईना. एके दिवशी आम्ही सर्वांदेखत त्याला ढ म्हटले. वर्ग हसला, आम्हीही हसलो. आम्हांला ती थट्टा वाटली. पुढे दसरा झाल्यावर त्याचा बाप शाळेत आला आणि म्हणाला, "गुरुजी, याला बरोबर नेतो." आम्ही म्हटले, आजीजवळ ठेवा, वर्ष फुकट जाईल. त्यावर तो म्हणाला, "तुम्हीच म्हणता ना तो ढ हाय? मग हितं ठिवून काय करू? तिकडं वाढे तरी बांधील."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याने आमच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. मास्तर म्हणतो म्हणजे खरेच असणार! आमच्या तोंडून निघालेल्या दीड मात्रेच्या अक्षराने त्या लेकराचे सहा महिने उसाच्या फडात गेले. परत आल्यावर आम्ही त्याला घरी बोलावून, चिंचोके मांडून वजाबाकी शिकवली. आठ दिवसांत त्याला ती आली. तो ढ नव्हता, आमची शिकवण अपुरी होती. पुढे तो शिकला, पण वर्गात प्रश्न विचारला की त्याचा हात कधी वर झाला नाही. उत्तर येत असले तरी नाही. तो हात आम्ही खाली पाडला होता. तेव्हापासून हा शब्द आम्ही तोंडातून काढून टाकला आहे. तुम्हीही घरात पोराला बावळट, मेल्या, नकोशी, परक्याचे धन असे म्हणत असाल तर विचार करा. पोर मोठ्यांचे खरे मानते.

आता उसाकडे येतो. या धंद्यातले शब्द तुम्ही रोज बोलता, म्हणूनच ते तुम्हांला ऐकू येत नाहीत. पहिला शब्द 'उचल'. किती हलका शब्द आहे! जणू पडलेली वस्तू उचलली. पण तिचे खरे नाव कर्ज आहे. ती फिटेतो तुम्हांला मुकादम बदलता येत नाही, गाव सोडता येत नाही, आजारी पडता येत नाही. हंगामाअखेर हिशेब होतो तेव्हा उरलेली बाकी पुढच्या साली चढते. तोच रुपया मुकादमाने 'कर्ज घे' म्हणून पुढे केला असता तर तुम्ही चार दिवस विचार केला असता, बायकोला विचारले असते, व्याज विचारले असते. 'उचल' म्हटल्यावर दहा मिनिटांत घेता आणि त्यातून लग्न उरकता.

दुसरा शब्द 'कोयता'. मुकादम विचारतो, किती कोयते आहेत? एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन जिवंत माणसे, पण नाव हत्याराचे. पहाटे उठून भाकरी थापणारी, ऊस साळून मोळ्या बांधणारी, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणारी बाई हिशेबात कोठेच नाही. उचल नवऱ्याच्या हाती, हिशेब नवऱ्याच्या नावे. ज्याला नाव नाही त्याला मजुरी नाही, हे साधे गणित आहे.

तिसरा शब्द 'खाडा'. एक दिवस काम चुकले तर मजुरी तर जातेच, वर दंड लागतो. त्याला दंड म्हटले असते तर कोणी विचारले असते, दंड करणारा तू कोण? पण त्याचे नाव खाडा, म्हणून ती जणू काम चुकवणाऱ्याचीच लबाडी ठरते. बाईमाणसाला महिन्याचे चार दिवस त्रासाचे असतात, बाळंतपण असते, दुखणे असते. तिचे दुखणेही खाडाच.

येथून पुढचे बोलणे नाजूक आहे. आयाबहिणींनी राग मानू नये. आम्ही हे भावाच्या नात्याने बोलतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांचे गर्भाशय मोठ्या संख्येने काढले जात आहेत अशी ओरड झाल्यावर २०१९ साली सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. दर सहा बायकांत एक! पुष्कळ जणींचे वय अजून चाळिशीच्या आत होते. हे कसे घडले? खाड्याची भीती होती, गरिबी होती, मोरीची आणि पाण्याची सोय नव्हती. पण त्यांच्या जोडीला दोन शब्दही होते. एक शब्द 'पिशवी'. पोटातल्या त्या अवयवाला आपण पिशवी म्हणतो. जुनी झाली, आता कशाला हवी, काढून टाक. हात किंवा डोळा काढा असे कोणी म्हटले असते तर बाई दचकली असती. पिशवी म्हटल्यावर ती बाजारातल्या पिशवीसारखी वाटते. दुसरा शब्द 'कॅन्सर'. पांढरे जाते, कंबर दुखते म्हणून बाई दवाखान्यात गेली आणि कोणी म्हणाले, ठेवलीस तर कॅन्सर होईल. झाले! हा शब्द कानी पडल्यावर तपासणीचा कागद मागण्याचे भान कोणाला राहते? उचल घेऊन शस्त्रक्रिया होते, आणि ती उचल फेडावयास तीच बाई फडात जाते. कमी वयात हे केले म्हणजे पाळी अकाली जाते, हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयाच्या दुखण्याचा धोका वाढतो. काही दुखण्यांत ही शस्त्रक्रिया खरोखरीच जरूर असते, हे आम्ही नाकारीत नाही. पण जरूर आहे की नाही हे तपासणीने ठरते, भीतीने नव्हे. सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय 'हो' म्हणू नका.

काही शब्द वाईट गोष्टीला झाकतात. १९६१ च्या कायद्याने हुंड्याला बंदी आली. तेव्हापासून याद्या करताना हुंडा शब्द कोणी काढीत नाही. मानपान म्हणतात, पोशाख म्हणतात, तुमच्या मुलीच्या हौसेने काय द्याल ते द्या म्हणतात. नाव बदलले, मुलीच्या बापाची जमीन मात्र पूर्वीसारखीच गहाण पडते.

काही शब्द घाई करवतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये कांद्याची निर्यातबंदी उठली अशी बातमी सुटली. लासलगावी भाव एकदम चढले. दोन दिवसांत सरकारने खुलासा केला की बंदी ३१ मार्चपर्यंत आहेच. १८७५ ची आवई आणि ही आवई यांत फरक एवढाच की तेव्हा ती पायाने चालत होती, आता ती मोबाइलवर धावते. तसेच मोबाइलवर कोणी पोलिसाचा वेष घालून 'तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे' म्हणून दरडावतो. अशी अटक आपल्या कायद्यात कोठेच नाही. 'अटक' या शब्दाला भिऊन शिकलेसवरलेले लोकही आयुष्याची पुंजी पाठवून मोकळे होतात.

मग काय शब्द वाईटच? नाही. चांगल्या शब्दाने गाव उभे राहते, हेही आपल्याच जिल्ह्याने दाखवले आहे. नगर तालुक्यातील हिवरेबाजार हे एके काळी असे गाव होते की नोकरदाराची तेथे बदली म्हणजे शिक्षा समजत. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या पुढाराने गावाने श्रमदान केले, पाणलोटाची कामे केली. पण आम्हांला त्यांचा एक शब्द फार आवडतो, तो म्हणजे पाण्याचा 'ताळेबंद'. पाऊस किती पडला, भूमीत किती मुरला, प्यावयास किती लागेल, मग पिकाला किती उरले, हे ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिके ठरवतात. उसासारखे तहानलेले पीक टाळले, शेतीसाठी विंधनविहिरी घेणे बंद केले. 'पाणी ही देवाची कृपा' म्हटले की मनुष्य आभाळाकडे पाहत बसतो. 'ताळेबंद' म्हटले की वही काढतो. एका शब्दाने मान वर होते, दुसऱ्याने हात चालू लागतो.

तात्पर्य काय? कोणताही मोठा निर्णय करताना, मग तो उचलीचा असो, लग्नाचा असो, शस्त्रक्रियेचा असो की मताचा असो, तीन प्रश्न विचारा. पहिला, या शब्दाचे साधे नाव काय? उचलीला कर्ज म्हणून पाहा, मानपानाला हुंडा म्हणून पाहा, खाड्याला दंड म्हणून पाहा. दुसरा, हा शब्द ऐकून मला भीती, राग किंवा हाव वाटली काय? वाटली असेल तर त्या दिवशी अंगठा नको, सही नको. एक रात्र जाऊ द्या. तिसरा, हा शब्द माझ्या तोंडी कोणी घातला, आणि त्यात त्याचा फायदा किती?

शेवटी एक मागणे आहे. मुकादमाकडून यंदा उचल घ्याल तर आकडा, तारीख आणि दर कागदावर मागा. कागद वाचता येत नसेल तर आमच्याकडे आणा. रात्री बारा वाजता आलात तरी आम्ही वाचून दाखवू. बाईच्या कामाचा हिशेब बाईच्या नावाने वेगळा लिहावयास सांगा. आणि पोरांना फडात नेऊ नका. आजी-आजोबांपाशी ठेवा, जेथे कोणी नाही तेथे हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे, तिचा अर्ज भरण्यास आम्ही बसलो आहो. उद्या सकाळपासून शाळेत या. कोणाचेही लेकरू 'ढ' आहे म्हणून नेतो असे म्हणू नका. ते नाव आम्हीच दिले होते, आणि ते आम्ही परत घेतले आहे.